माया

नकाशा माझ्याच कटिंगच्या टेबलावर उलगडला,
कोपऱ्यांवर कात्री, खडू, बॉबिनचा डबा
आणि ह्यांचा चष्मा ठेवून.
समा रोडच्या आत, अठराशे फुटांचा प्लॉट,
त्यावर निळ्या रेघांचं घर.
मी सवयीने आधी छाती-कंबर शोधली.

तीन बेडरूम, हे म्हणाले, बारा बाय अकराच्या.
केतकीला खिडकी हवी, आणि दाराला आतून कडी.
नानांना कमोड, रात्री चार पावलांवर.
धाकट्या भाऊजींचं नाव कोणी घेतलं नाही,
पण तिसरी खोली त्यांच्याच मापाची होती,
शारजाहून परत आलेच तर.

जिन्याखाली, सहा बाय पाच,
लिहिलं होतं : स्टोअर.
मी विचारलं, मशीन कुठे?
सगळे वाकून नकाशात बघायला लागले,
जसं काही छापताना राहून गेलं असावं.

बँकेतले पारेखभाई फार सज्जन.
चहा मागवला, बिस्किटं मागवली.
"बेननी आवक?"
मी वह्या काढल्या, अकरा वर्षांच्या.
कोणाचा खांदा उतरता, कोणाची बाही कोपरापर्यंत,
नवरात्राआधीच्या एकवीस रात्री, चणिया-चोळ्या,
कोणाचे पैसे अजून यायचेत.
त्यांनी वही हातात घेतली, आदराने, पोथीसारखी,
आणि तशीच मिटून परत दिली.
रिटर्न लागतो, म्हणाले.

म्हणजे बत्तीस लाखांचं घर सव्वीसात बसवायचं.

हे मला येतं.
ऐंशी सेंटिमीटर लागतं तिथे साठ आणतात बायका
आणि म्हणतात, बसव ना गं.
मी बसवते. जोड काखेत घेते,
हात उचलल्याशिवाय दिसत नाही.

रात्री खडू घेतला.
पोर्च गेला. गॅलरी अडीच फूट आत आली.
स्वयंपाकघराची मी एक बाजू दुमडली, पुन्हा उलगडली.
तिसऱ्या खोलीवर खडू थांबला.
ह्यांनी पंख्याकडे पाहिलं.

जोत्याला हात लावायचा नाही, नाना म्हणाले.
साडेतीन फूट. एक इंच कमी नको.
विश्वामित्री पलंगाखाली आली त्या वर्षी
त्यांच्या पायाशी मगरीचं पिल्लू होतं म्हणे.
दर वर्षी सांगताना ते वीतभर वाढतं.
साडेतीन फूट भराव, दीड लाखाचा,
ज्यात कोणी राहणार नाही, झोपणार नाही.
मी म्हटलं, असू दे. ते अस्तर आहे.
अस्तरात पैसे वाचवले की पहिल्याच धुण्यात कळतं.

हप्ता : बावीस हजार पाचशे त्रेसष्ट. वीस वर्षं.
साडेतीनशेला एक, म्हणजे महिन्याला
साडेचौसष्ट ब्लाउज.
ते अर्धं कोणाचं, केतकीने विचारलं,
आणि आम्ही हसलो,
नानाही, काही ऐकू आलं नव्हतं तरी.
वीस वर्षांनी सुईत दोरा ओवून द्यायला
मला कोणीतरी लागेल.

रविवारी प्लॉटवर जिगरभाई ठेकेदार म्हणाला,
बेन, कॉलमच्या सळया वर सोडून ठेवू.
उद्या मजला चढवायचा झाला तर?
मला लगेच कळलं.
ह्याला आम्ही माया म्हणतो, मी म्हटलं.
शिवणीच्या आत ठेवलेलं बोटभर कापड.
टोचतं कधीकधी,
पण अंग भरलं की तेवढंच उसवायचं.
ह्यांना वाटलं, मी पैशांबद्दल बोलतेय.
नानांना वाटलं, भाऊजींबद्दल.
कोणाचंच चुकलं नव्हतं.

तिसरी खोली राहिली, दहा बाय नऊची.
स्टोअर हा शब्द मी खोडला, त्या जागी काही लिहिलं नाही.
फक्त उत्तरेच्या भिंतीत एक खिडकी काढली,
काळ्या कापडावर काळा दोरा दिसेल एवढी.

खिडकीचे जास्त लागतील, हे म्हणाले.
लागू देत.
ते अर्धं ब्लाउज माझं.